बेंटलीवरचा बोजा

ब्रिटनमधल्या सेकंडहँड बाजारात पहिल्या पिढीची बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी आज वीस हजार पौंडांच्या आसपास मिळते. २००३ साली ही गाडी आली तेव्हा तिची किंमत १,१०,००० पौंड होती. सहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ५५२ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, ताशी ३१८ किलोमीटरपर्यंतचा वेग, आत कातडी आसनं आणि अस्सल लाकडाचं काम, आणि हे सगळं एका साध्या नव्या हॅचबॅकच्या पैशात. आकडा ऐकून काहींना घबाड हाती लागल्यासारखं वाटतं, तर काही जण लगेच चार हात लांब राहा म्हणतात. दोघांचीही नजर किमतीवर खिळलेली असते. माझं म्हणणं असं आहे की किंमत उतरली म्हणून अशा गाडीचा खर्च उतरत नाही, खर्चाचा फक्त प्रकार बदलतो. पहिल्या मालकांनी तो घसाऱ्याच्या रूपाने सोसलेला असतो, नंतरच्यांना तो देखभालीच्या रूपाने सोसायचा असतो. हे आधीच हिशेबात धरून जो उतरतो त्याच्यासाठी ही खरेदी अगदी शहाणपणाची ठरू शकते. जो धरत नाही त्याचं कंबरडं मोडतं.

ग्रँड टूरर म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बांधलेली वेगवान, आरामशीर, बहुधा दोन दारांची गाडी. इटलीच्या लान्चिया कंपनीने १९५१ मध्ये ऑरेलिया बी-२० काढली आणि तिच्या नावाला ‘जीटी’ ही अक्षरं जोडली. पुढच्याच वर्षी बेंटलीची आर-टाइप कॉन्टिनेन्टल आली. चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन ताशी शंभर मैलांच्या वर धावत राहील अशी ही गाडी, आणि अशा गाड्या बनल्या एकूण २०८. अर्ध्या शतकानंतर आलेल्या कॉन्टिनेन्टल जीटीने नाव तेच घेतलं, पण तिचं गणित पूर्ण वेगळं होतं. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने व्हिकर्स कंपनीकडून बेंटली विकत घेतली. नवी गाडी येण्याआधी चेशर परगण्यातल्या क्रू इथल्या कारखान्यातून वर्षाला हजाराच्या आसपास बेंटली विकल्या जात. जीटी आणि तिच्याच पायावर उभ्या राहिलेल्या चार दारी फ्लाइंग स्पर आणि उघड्या टपाच्या जीटीसी यांच्या जोरावर २००७ मध्ये हा आकडा दहा हजारांच्या वर गेला. कंपनी तरली ती यामुळेच. पण गाडी दुर्मिळ राहिली नाही. त्यात २०११ च्या सुमारास दुसरी पिढी आली, २०१८ च्या सुमारास तिसरी. नवी बेंटली परवडणाऱ्या माणसाला सगळ्यात ताजी हवी असते आणि जुनी परवडणारा माणूस देखभालीच्या धास्तीने मागे सरतो. या दोघांच्या मधे पहिल्या पिढीची किंमत चेपली गेली. गाडी वाईट निघाली म्हणून ती घसरली, असा अर्थ यातून काढण्याचं कारण नाही.

खर्च का उतरत नाही, हे बोनेट उघडल्यावर कळतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळी जागा भरलेली, हात घालायलाही फट नाही. डब्ल्यू-१२ इंजिन म्हणजे फोक्सवॅगनची अरुंद कोनाची दोन सहा सिलिंडरी इंजिनं एकाच क्रँकशाफ्टवर जुळवलेली: प्रत्येक जोडीत सिलिंडर १५ अंशांच्या कोनात, आणि दोन जोड्यांमध्ये ७२ अंशांचा कोन. या रचनेमुळे बारा सिलिंडर एरवीपेक्षा कितीतरी कमी लांबीत मावतात आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा बसवायला जागा उरते. अभियांत्रिकी म्हणून ही रचना देखणी आहे. पण याच दाटीत दोन टर्बो तापत असतात आणि गाडी थांबल्यावर ती उष्णता तिथेच कोंडून राहते. इंजिनाच्या मागे, केबिनच्या भिंतीजवळ, निर्वाताच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. टर्बोचे वाल्व आणि इतर बऱ्याच गोष्टी त्या नळ्यांवर चालतात. दहा-पंधरा वर्षांच्या उष्णतेने नळ्या कडक होतात, चिरतात, नको तिथून हवा आत शिरते, इंधनाचं मिश्रण बिघडतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. नळीची किंमत किरकोळ असते. तिच्यापर्यंत पोचायचं तर बहुतेक वेळा गाडी लिफ्टवर चढवून इंजिन आणि गिअरबॉक्स खालून उतरवावे लागतात. एकदा इंजिन खाली आलं की जाणता मेकॅनिक नुसती नळी बदलून ते परत चढवत नाही. कूलंटचे पाइप, टर्बोच्या तेलाच्या वाहिन्या, इंजिन माउंटिंग, जे जे रबरी आणि जुनं दिसेल ते बदलून घ्या असंच तो सांगतो, आणि त्याचं बरोबर असतं, कारण वर्षभरात त्यातलं काही गळलं तर इंजिन पुन्हा उतरवण्याची मजुरी मालकाच्याच डोक्यावर बसते. गाडीची किंमत पाचव्या हिश्शावर आली म्हणून या कामाचे तास पाचव्या हिश्शावर येत नाहीत. उलट गंजलेले बोल्ट आणि ठिसूळ झालेले कनेक्टर यांच्यामुळे ते वाढतात.

हीच गोष्ट एअर सस्पेन्शनची. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे आणि त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर. जवळपास २,४०० किलो वजनाची ही गाडी खड्ड्यावरून इतकी अलगद जाते ती या फुग्यांमुळे. वय झालं की रबराच्या घड्यांत सूक्ष्म भेगा पडतात. गळती सुरुवातीला इतकी थोडी असते की मालकाच्या ध्यानातही येत नाही, कारण इंजिन सुरू होताच कॉम्प्रेसर हवा भरून गाडी सरळ करतो. मात्र कधीमधी चालण्यासाठी बनवलेला हा कॉम्प्रेसर आता सारखा चालू लागतो, तापतो आणि एक दिवस जळतो. तोवर एका फुग्याच्या दुरुस्तीत कॉम्प्रेसरचीही भर पडलेली असते. हा बिघाड पकडायला महागडं यंत्र लागत नाही. संध्याकाळी सपाट जागी गाडी लावावी, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवावं, आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजावं. एखादा कोपरा बोटभर खाली आलेला दिसला, तर विकणाऱ्याने चहा देऊन सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते माप जास्त खरं. थंडीत ही परीक्षा आणखी चोख होते, कारण गार पडलेलं रबर अधिक गळतं.

पाण्याचाही एक मामला आहे. पुढच्या काचेखाली पावसाचं पाणी वाहून जायला भोकं ठेवलेली असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांच्या चोथ्याने बुजतात, पाणी साचतं, आणि वाट मिळेल तिथून केबिनमध्ये उतरून गालिच्याखालच्या जाड फोममध्ये जिरतं. त्या फोमच्या शेजारीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेली आहेत. वरून गालिचा कोरडा लागतो, आत महिनोन्‌महिने ओल असते, आणि मग खिडकी आपोआप उतरणं, गिअर अडकणं, दिवे लुकलुकणं असे एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड सुरू होतात. भोकं साफ करायला अर्धा तास पुरतो. नाही केली, तर मॉड्यूलांचं बिल गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतं. गिअरबॉक्सच्या तेलाचंही तसंच. झेडएफ कंपनीचा हा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अनेक गाड्यांत आहे, आणि अनेक गाडीउत्पादक त्यातलं तेल आयुष्यभर पुरतं असं सांगत आले. खुद्द झेडएफचा सल्ला ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलावं असा आहे. कित्येक गाड्यांत हे तेल एकदाही बदललेलं नसतं, आणि सर्व्हिस बुकात सगळे शिक्के मात्र जागच्या जागी असतात.

इथे मुद्दा माझ्या दृष्टीने निर्णायक होतो. शेतजमीन घेताना आपल्याकडे सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचतात, कारण जमीन विकली तरी तिच्यावरचा बोजा जमिनीबरोबरच नव्या मालकाकडे जातो. लांबणीवर टाकलेली देखभाल हा गाडीवरचा तसाच बोजा आहे. न बदललेलं तेल, न उतरवलेलं इंजिन, न उपसलेली भोकं, हे सगळं किल्लीबरोबर हातात येतं. फरक एवढाच की गाडीच्या नोंदणीच्या कागदावर त्याचा रकाना नसतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी दर्जा धरूनच भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही, चांगले विक्रेते मागे सरतात आणि बाजारात सरासरी आणखी खाली येते. २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या मुळाशी हाच विचार होता. जुन्या बेंटलीचा वीस हजारांचा भाव हा असा संशयाने ठरलेला भाव आहे. म्हणजे ज्याला संशय कागदांनी फेडून घेता येतो, त्याला इथे खरोखर फायदा आहे. चांगल्या ठेवलेल्या गाडीसाठी चार-पाच हजार जास्त मोजावे लागतात. त्या जादा रकमेत मागच्या मालकाने भरलेली इंजिन उतरवण्याची, सस्पेन्शनची, ब्रेकची बिलं आपल्याला आयती मिळतात.

आणि ब्रिटनमध्ये हा बोजा वाचायची सोय उत्तम आहे. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते, आपल्याकडच्या पासिंगसारखी, पण खासगी गाड्यांनाही दरवर्षी लागू असलेली. तिचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबरप्लेटचा क्रमांक टाकून कोणालाही पाहता येतो. पास-नापास हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. प्रत्येक तपासणीच्या दिवशीचं रनिंग आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना सावकाश वाचाव्यात. ‘पुढच्या सस्पेन्शन आर्मचे बुश झिजले आहेत’ ही सूचना एका वर्षी आली आणि पुढच्या वर्षी नाहीशी झाली, तर त्या दोन तारखांच्या मधलं बिल फाइलमध्ये असलंच पाहिजे. तीच सूचना सलग चार वर्षं दिसत असेल, तर मालकाने चार वर्षं नुसतं पेट्रोल भरलं आहे हे समजावं. टायरच्या बाजूला चार अंकांचा एक शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी शाबूत आणि शिक्का दहा वर्षांपूर्वीचा, अशी चाकं ताशी दोनशेने पळू शकणाऱ्या अवजड गाडीला शोभत नाहीत. शिवाय टायरमध्ये हात आखडणाऱ्याने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल याचाही अंदाज येतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठी जे डायग्नॉस्टिक सॉफ्टवेअर मिळतं त्यावर बिघाडांचे कोड वाचून घ्यावेत. एकही कोड नसेल तर हुरळून न जाता इंजिनाच्या स्वयंतपासण्या पूर्ण झालेल्या आहेत का तेही पाहावं. त्या अपुऱ्या असतील, तर कोड बहुधा नुकतेच पुसलेले असतात.

आता हिशेब. १,१०,००० ची गाडी वीस वर्षांत वीस हजारांवर आली, म्हणजे तिने ९०,००० पौंड गमावले. सरासरी वर्षाला साडेचार हजार, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच. हा पैसा कोणाच्याच बँक पासबुकात महिन्याच्या महिन्याला खर्च म्हणून दिसला नाही, गाडी विकताना एकदमच कळला. याउलट जुन्या गाडीचा मालक वर्षाला समजा चार हजार पौंड देखभालीवर घालतो, तेव्हा प्रत्येक बिल त्याच्या डोळ्यांसमोर येतं आणि टोचतं. पण त्याची गाडी तळाच्या भावाजवळ आली आहे, तिचा घसारा आता फारसा उरलेला नाही. दोघांचा वार्षिक खर्च जवळजवळ सारखा. एकाचा मुका, दुसऱ्याचा बोलका. लोक बोलक्या खर्चाला भितात आणि मुक्याला सहज मान्यता देतात. मला हा खरा गोंधळ वाटतो, आणि ‘जुनी आलिशान गाडी माणसाला खड्ड्यात घालते’ ही सरसकट समजूत त्यातूनच आलेली आहे.

यावर कोणी म्हणेल की वीस हजारांत नवी हॅचबॅक घेतली तर घसाराही कमी, देखभालही कमी, वर कंपनीची वॉरंटी. हे अगदी खरं आहे. घरातली एकमेव गाडी, रोज कामावर जायला लागणारी, बंद पडली तर पगार बुडेल अशी असेल, तर बेंटलीचा विचारही करू नये. मी वर केलेली तुलना दोन ग्रँड टूररांमधली आहे, नवी आणि जुनी. ज्याला हॅचबॅक पुरते त्याने हॅचबॅकच घ्यावी. पण ज्याला एका बैठकीत सातशे-आठशे किलोमीटर न दमता जायचंय आणि असं यंत्र अनुभवायचंय, त्याच्यासाठी प्रश्न घ्यावी की नाही इतकाच नसतो, खर्चाचा कुठला प्रकार पत्करायचा हाही असतो. दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो: ही तर आतून फोक्सवॅगनच आहे, त्यांच्याच फेटन या गाडीच्या पायावर बांधलेली, मग भीती कशाची? यातही तथ्य आहे. इग्निशन कॉइल, सेन्सर, काही सस्पेन्शन आर्म हे सुटे भाग समूहातल्या इतर गाड्यांचे चालतात आणि बेंटलीच्या डब्यातून घेण्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. स्वतंत्र विशेषज्ञ गॅरेजवाले हेच करतात आणि करावं. पण हेडलाइट, बंपर, आतलं धातूचं आणि लाकडाचं काम, ४०५ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या ब्रेक डिस्क, हे बेंटलीचंच घ्यावं लागतं. आणि वर सांगितल्याप्रमाणे बिलातला मोठा आकडा मजुरीचा असतो. तिला समूहाची सवलत नसते. विस्तारित वॉरंटी घेऊन सुटका होईल असं वाटणाऱ्यांनी करारातला ‘सामान्य झीज’ हा अपवाद वाचावा. कडक झालेली नळी आणि भेगाळलेला फुगा, दोन्ही बहुधा त्यातच ढकलले जातात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कमी रनिंगच्या मोहाने. वीस वर्षांत पंचवीस हजार मैल चाललेली गाडी जाहिरातीत दागिन्यासारखी मांडतात आणि तिला भावही जास्त मागतात. मी ती घेणार नाही. ही गाडी बांधलीच आहे तासन्‌तास एका लयीत धावण्यासाठी. बारा सिलिंडरभर तेल पूर्ण तापायला वेळ लागतो. पाच मैलांच्या फेऱ्यांत ते तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात मिसळून राहते. बूटमधल्या दोन बॅटऱ्या, एक स्टार्टरसाठी आणि एक बाकीच्या यंत्रणेसाठी, उभ्या गाडीत हळूहळू रित्या होतात, आणि व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिटं नसलेले बिघाड दाखवू लागतात. अवाढव्य डिस्कच्या कडांना गंज धरतो, टायर एका जागी चेपतात, सील सुकतात. झिजण्याला आपण भितो, पण यंत्राचं पडून राहणंही झिजण्याइतकंच महाग असतं, आणि त्याचा आकडा मीटरवर दिसत नाही. वर्षाला सहा-सात हजार मैल चाललेली, लाखाच्या पुढे गेलेली, पण बिलांची जाडजूड फाइल असलेली गाडी मला केव्हाही जास्त विश्वासाची वाटते. घेतल्यावरही तेच धोरण ठेवावं: महिन्यातून एकदा तरी तासभराची मोटरवेवरची फेरी, एरवी उभी असताना बॅटरी मेंटेनर लावलेला, दर शरद ऋतूत पानगळीनंतर भोकं साफ, आणि पंपावर पाच टक्के इथेनॉलचं सुपर पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं आहे.

पेट्रोलचा विषय निघाला म्हणून सर्वांत जड आक्षेपही घेतो. कंपनीच्या अधिकृत आकड्यांनुसार ही गाडी किलोमीटरला ४१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते आणि लिटरला सहा किलोमीटरचंही ॲव्हरेज देत नाही. वर्षाला अकरा हजार किलोमीटर, म्हणजे साधारण सात हजार मैल, चालवली तर एकोणीसशे लिटरच्या आसपास पेट्रोल आणि साडेचार टन कार्बन डायऑक्साइड. गाडी बनवताना झालेलं प्रदूषण तर होऊनच गेलंय, भंगारात घालून ते परत येत नाही, असा बचाव मालक करतात. तो अर्धाच टिकतो, कारण अशा गाडीच्या आयुष्यात जाळलेल्या पेट्रोलचा वाटा मोठा असतो. मी इतकंच म्हणेन की ही गाडी मोजक्या लांबच्या प्रवासांसाठी ठेवावी आणि रोजची ये-जा रेल्वेने किंवा छोट्या गाडीने करावी. तरीही आक्षेप पूर्ण फिटत नाही, आणि तो फिटला असं भासवणं मला मान्य नाही. ब्रिटिश सरकारने त्याची किंमत करात लावली आहे, आणि तिथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाडीला, ती कितीही धूर सोडत असली तरी, वार्षिक कर एका ठरावीक पट्ट्यापुरताच लागतो. २०२४-२५ मध्ये तो ४१५ पौंड होता. त्या तारखेपासून पुढच्या गाडीला त्याच वर्षी ७३५ पौंड. गाडी तीच, इंजिन तेच, त्या वर्षीचा फरक ३२० पौंडांचा.

कायद्याचं संरक्षणही कोणाकडून घेतो यावर ठरतं. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांच्या आत निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं गृहीत धरलं जातं, तो नव्हता हे सिद्ध करणं व्यापाऱ्याकडे. खासगी मालकाकडून घेतल्यास हे छत्र जवळजवळ नाहीच. तिथे भाव थोडा कमी असतो तो याचसाठी. तरीही काळजीने वापरलेली गाडी खासगी मालकाकडेच सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून त्या बचतीतले काही शे पौंड खरेदीआधी विशेषज्ञाकडून तपासणी करून घेण्यावर घालावेत. मालकाने तपासणीला नकार दिला तर तिथेच उठावं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा भाव पाहून परतताना गाडी मुंबईला न्यावी असं वाटू शकतं. तिकडेही उजव्या हाताचं स्टिअरिंग, इकडेही. पण भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, शिवाय जबर शुल्क भरून मुंबई बंदरातूनच आणावी लागते. म्हणजे स्वस्त झालेली बेंटली नियमाने बाहेर, आणि नियमात बसणारी स्वस्त नाही. भारतात तेव्हाच आलेल्या, आता वीस वर्षांच्या झालेल्या गाड्या अधूनमधून विक्रीला निघतात. त्यांना वर सांगितलेलं सगळं लागू आहे, आणि त्यात भर पडते ती मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसाची, गर्दीत रांगताना कोंडणाऱ्या उष्णतेची आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. या गाड्यांचे रबरी भाग त्या प्रमाणासाठी आखलेले नव्हते. हे इंजिन उतरवून पुन्हा नीट बसवू शकणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत, हा मला भावापेक्षा मोठा अडसर वाटतो.

डब्ल्यू-१२ चं उत्पादन क्रूमध्ये २०२४ साली थांबलं. एक लाखाहून जास्त इंजिनं बनल्यामुळे सुट्या भागांची चणचण लगेच होणार नाही, आणि इतक्या वर्षांत या इंजिनाची सगळी दुखणी ठाऊक झालेले स्वतंत्र मेकॅनिक ब्रिटनभर तयार झाले आहेत. निवड करायची झाली तर मी २००५ च्या उत्तरार्धातली किंवा मार्च २००६ च्या त्या तारखेआधी नोंदलेली जीटी पाहीन: दरवर्षी नेमाने चाललेली, इंजिन एकदा तरी उतरवून नळ्या बदललेली, गिअरबॉक्सचं तेल बदललेलं, चारही टायर एकाच कंपनीचे आणि ताजे. किमतीच्या निम्मी रक्कम, म्हणजे दहा हजार पौंड, पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळी काढून ठेवीन. ती काढता येत नसेल तर गाडी परवडत नाही असंच धरीन, मग तिचा भाव काही का असेना. अशी गाडी झगमगीत शोरूममध्ये क्वचित दिसते. तिचा मालक विकायचं मनात आणतो तेव्हा ते सगळ्यात आधी आपल्या मेकॅनिकच्या कानावर घालतो. म्हणून शोधाची सुरुवात या गाड्यांचंच काम करणाऱ्या दोन-तीन गॅरेजांना फोन करून, तुमच्याकडे नेहमी येणाऱ्यांपैकी कोणी विकतंय का, असं विचारून करावी.